हळदीच्या पेवातला चाकाचा पाट

"साहेब, आता जे सांगतो त्याच्यावर तुमचा इश्वास बसणार न्हाई," रायगोंडा टेबलावर दोन्ही कोपरं रोवत म्हणाला, "आनि बसलाच, तर मला तुमचीच काळजी वाटंल."

टेबलापलीकडं स्केटबोर्डच्या निवडीचे अधिकारी उदयसिंह बसले होते. डाव्या हातात भोंग्याचा माइक, उजव्या हातात लाल पेन, आणि पेनाचं टोक यादीतल्या चौदाव्या नावावर. चौदावं नाव होतं भाग्यश्री अरिहंत पाटील, म्हणजे रायगोंडाची नात. ते दोनदा पुकारून झालं होतं. नाव तीनदा पुकारायचं आणि तिसऱ्या पुकाराला पोर हजर नसलं तर लाल रेघ मारायची, असा नियम होता आणि तो उदयसिंहांनी सकाळी भोंग्यावरून चार वेळा वाचून दाखवला होता. नियम वाचताना त्यांचा चेहरा आरतीत उभ्या राहिलेल्या माणसासारखा व्हायचा.

माइक तोंडाकडं निघाला होता. तो रायगोंडाच्या बोलण्यानं अर्ध्यात थबकला.

नात हजर नव्हती. नात आणि शेजारच्या गावातला गॅरेजवाला अमृत, दोघं पिकअप घेऊन साताऱ्याच्या पोवई नाक्याकडं सायकलीचं दुकान हुडकत गेली होती. आणि त्याला कारण रायगोंडाच होता.

झालं होतं ते असं. रायगोंडाच्या बापाच्या वेळेपासून घराची एक रीत होती. लांबच्या वाटेला निघायचं तर आधी गाडीच्या आसाला वंगण. हळदीची पोती घेऊन सांगलीच्या पेठेला गाडी निघाली आणि चाक कुरकुरलं, तर रस्त्यावरची माणसं विचारायची, कुणाची गाडी रडत चाललीय? पाटलांच्या घरात या प्रश्नापेक्षा मोठी बेअब्रू दुसरी नव्हती. गाड्या गेल्या, बैल गेले, रीत मात्र रायगोंडाच्या बोटांत राहिली. आज पहाटे साताऱ्याला निघायचं म्हणून भाग्यश्री आंघोळीला गेली, तेव्हा त्यानं तिची चाकाची फळी उलटी करून एक चाक बोटानं फिरवलं. घरात त्या फळीला सगळे पाटच म्हणत. चाक खर्रर्र करून फिरलं आणि फिरतच राहिलं. रायगोंडाचं काळीज हललं. इतकं कोरडं चाक घेऊन पोर परजिल्ह्यात जाणार? त्यानं ट्रॅक्टरच्या ग्रीसचा डबा काढला, जुन्या चालीप्रमाणं त्यात चिमूटभर पेंढ्याची राख कालवली आणि चारी चाकांची आठही बेरिंगं पुरणपोळीत पुरण भरावं तशी मनापासून भरली.

साताऱ्यात उतरल्यावर भाग्यश्रीनं पाट जमिनीवर टाकला, एक पाय ठेवला, दुसऱ्यानं रेटा दिला. पाट दोन हात गेला आणि बसला. तिनं चाकाला बोट लावलं, बोटाचा वास घेतला, आज्जाकडं बघितलं. बोलली काहीच नाही. नुसतं अमृतला "चल" म्हणाली. बेरिंगं काढून पेट्रोलनं धुवायची होती, आणि अमृतचा पाना नेमका त्या मापाचा नव्हता.

पोर रडली असती, भांडली असती, तर रायगोंडाला बरं वाटलं असतं. पण ती नुसती गप्प झाली, आणि ती गप्प बसलेली रायगोंडानं यापूर्वी फक्त झोपेत बघितली होती.

निवड साधी नव्हती. पश्चिम महाराष्ट्रातली आठ पोरं निवडून त्यांना महिनाभर शिबिरात घालणार होते, खऱ्या हौदावर, खऱ्या शिक्षकांकडं. वयाची अट सोळाच्या आत. भाग्यश्रीला सोळा पुरी व्हायला अडीच महिने उरले होते. आज रेघ बसली, तर ती कायमची बसली.

तेव्हा रायगोंडानं हिशोब मांडला, की तिसरा पुकार होता कामा नये. पळून पिकअप गाठणं त्याच्या गुडघ्यांच्या हातात नव्हतं. विनंती त्यानं करून बघितली होती, तिला उदयसिंहांनी नियम क्रमांक सात वाचून दाखवला होता. आता उरली ती फक्त जीभ. तिला मात्र वंगण कधीच लागलं नव्हतं.

या जिभेची ख्याती कृष्णेच्या दोन्ही काठांवर होती. जैनांच्या दशलक्षण पर्वात 'उत्तम सत्य'चा दिवस आला, की रायगोंडा मौन धरायचा. बसदीतली, म्हणजे जैन देवळातली, माणसं म्हणायची, केवढी साधना. त्याची बायको राजमती म्हणायची, साधना कसली, तोंड उघडलं की व्रत मोडतंय हे त्यालाच ठावं हाय. वर्षातला तेवढा एक दिवस ती माहेरी आल्यासारखी राहायची.

"काय सांगायचंय ते लवकर सांगा, आजोबा," उदयसिंह म्हणाले. त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं, म्हणजे दोघांनाही दिसावं.

खोटं सांगायचं तर सुरुवात खऱ्यानं करावी, हे रायगोंडाचं शास्त्र होतं. आधी घागरभर खरं दूध, मग विरजणाचा एक थेंब. बाकीचं काम आपोआप होतं. म्हणून त्यानं पेवापासून सुरुवात केली.

पेव म्हणजे काय, हे साताऱ्याच्या माणसाला सांगावं लागतं. सांगलीकडं हरिपूरच्या बाजूला नदीकाठची माती अशी चिवट, की तिच्यात खड्डा खणून हळद पुरली तर वर्षानुवर्षं कीड नाही की ओल नाही. खड्डा मात्र घागरीच्या आकाराचा. तोंड एक माणूस उतरेल एवढं, आत पोट बैलगाडी वळावी एवढं. आता हळद शीतगृहात जाते आणि पेवं रिकामी पडून राहतात. रायगोंडाच्या मळ्यातलंही एक असंच जांभई देत पडलं होतं. दोन वर्षांपूर्वी भाग्यश्रीनं मोबाईलवर त्याला परदेशातल्या पोरी दाखवल्या. सिमेंटच्या मोठ्या वाटीसारख्या हौदात पाटावरून खाली सुटायचं, समोरच्या भिंतीवर चढायचं, पुन्हा खाली यायचं. असला हौद सांगली जिल्ह्यात कुठं मिळेना. रायगोंडा म्हणाला, त्यात काय, आपल्याकडं बापजाद्यांनी खणून ठेवलाय.

"पेवात स्केटिंग?" शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंनी विचारलं. या राजेश्वरी मॅडम, आजच्या परीक्षक. इतका वेळ त्या मैदानाकडं बघत बसल्या होत्या. तिकडं एका अंगाला लहान चाकांच्या सायकलींसाठी मातीचे उंचवटे ओळीनं घातले होते. सकाळी ते बघून रायगोंडानं अमृतला विचारलं होतं, सरी-वरंबा तर झकास पाडलाय, पाणी कुठनं सोडत्यात? दुसऱ्या अंगाला कोरा सिमेंटचा हौद होता, परातीसारखा उघडा, आणि तेरा नंबरचा मुलगा त्याच्या काठावर हेल्मेट घालत उभा होता. मॅडमनी आता खुर्चीच वळवली. "पण मग आकार? घागरीचं तोंड तर लहान असतं."

रायगोंडाला बाई आवडल्या. नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं त्यांनी.

हे मात्र त्यानं खरं सांगितलं, कारण याच्याहून चांगलं खोटं त्याला सुचलं नसतं. पेव निम्मं मातीनं भरलं, तळ गोल केला, भिंतीला सिमेंट लावलं, इथवर सगळं ठीक. पण तोंड मोठं करायची वेळ आली आणि रायगोंडाचा हात चालेना. पेवाचं तोंड मोठं केलं की हळद गेली, हे त्याला चालायच्या आधी शिकवलेलं. आत आता हळद नाही, पोर खेळणार आहे, हे डोक्याला कळत होतं, पण हाताला कळत नव्हतं. भाग्यश्री म्हणायची, आज्जा, अजून एक हात. हा चार बोटं फोडायचा. शेवटी खाट मावेल एवढं तोंड झालं आणि पहार त्यानं लपवून ठेवली. त्यामुळं जगातल्या साऱ्या हौदांच्या भिंती वर उघडत जातात आणि रायगोंडाच्या हौदाच्या भिंती वर मिटत जातात. पोर छातीएवढ्या उंचीला पोचली, की पुढं भिंतच तिच्या डोक्यावर वाकून बघायची.

"म्हणजे तिनं काठ कधी गाठलाच नाही?" मॅडमनी विचारलं.

खरं उत्तर 'नाही' असं होतं. दोन वर्षांत भाग्यश्री पेवाच्या काठाला एकदाही पोचली नव्हती. शिडीनं उतरायची आणि शिडीनं चढायची. पण उदयसिंहांची नजर घड्याळावर गेली होती, पेन कागदावर ठकठक करू लागलं होतं, आणि मैदानाच्या फाटकात पिकअपचा पत्ता नव्हता. विरजण लावायची वेळ झाली होती.

"तेच सांगतोय," रायगोंडा म्हणाला.

पेवात उतरण्याआधी कंदील सोडायची चाल आहे. बंद पेवात हवा कोंदलेली असते, कंदील विझला तर माणसानं उतरायचं नाही. रायगोंडाचं म्हणणं असं, की पहिल्या दिवशी त्यानं कंदील दोरीला न बांधता चुकून पाटावर ठेवला आणि पाट सुटला. कंदील पाटावर बसून खाली गेला, समोरच्या भिंतीवर चढला, तिथनं वळला, पेवाच्या पोटाला तीन वेढे घालून बरोबर त्याच्या पायाशी परत आला. ज्योत हललीसुद्धा नव्हती. काचेवर काजळी धरली होती, ती मात्र वाऱ्यानं साफ झाली होती.

उदयसिंहांनी भुवई उंचावली. पण पेन थांबलं.

मग, रायगोंडा म्हणाला, पोर उतरली. पहिल्याच फेरीत एक घोटाळा झाला, की शंभर वर्षांची हळद भिंतीच्या मातीत मुरलेली, ती सिमेंटाच्या भेगांतनं चाकांच्या घर्षणानं सुटायला लागली. पोर पांढरा शर्ट घालून खाली गेली आणि वर आली ती नखशिखान्त पिवळी. तिच्या आजीनं तो शर्ट ताटावर झटकला. त्या हळदीवर घरात पुढं दोन महिने आमटी झाली, आणि जुनी हळद ती, असा वास की शेजारचे जेवायच्या वेळेला मुद्दाम वाडगं परत द्यायला यायचे. राजमतीनं नंतर नातीला सांगून ठेवलं, सणासुदीच्या आदल्या दिवशी दोन फेऱ्या जास्ती मार.

मॅडम हसल्या. तेरा नंबरचा मुलगा हौदात सुटला होता. त्यांनी त्याच्याकडं बघितलं, वहीत चार आकडे टाकले आणि पुन्हा मान इकडं वळवली. मुलगा मात्र बराच वेळ काठावर उभा राहून शाबासकीची वाट बघत होता.

"तेरा झाले," उदयसिंह म्हणाले. "आता चौदा." आणि माइक उचलला.

रायगोंडानं फाटकाकडं बघितलं. फाटकात एक पाण्याचा टँकर शिरत होता, त्याच्या मागं धूळ होती आणि धुळीत काहीच नव्हतं. आजवर त्यानं हजार थापा मारल्या होत्या, पण त्या हौसेच्या. पोट भरलेल्या माणसानं सुपारी खावी तशा. आज पहिल्यांदा त्याला थापेची गरज पडली होती, आणि गरज पडली की वस्तू मिळत नाही, हा जगाचा नियम त्याला माहीत होता.

"साहेब," तो म्हणाला, "नियमाचा एक परश्न हाय."

माइक थांबला. उदयसिंहांना चहा नको होता, गप्पा नको होत्या, पण नियमाचा प्रश्न ते नाकारू शकत नव्हते.

"तुमच्या नियमात हाय न्हवं, फेरी चालू असताना पाय जमिनीला लागला की फेरी संपली?"

"नियम क्रमांक अकरा."

"मग न्हाईच लागला तर?"

"तर फेरी चालू."

"किती बी येळ?"

उदयसिंहांनी पुस्तिका उघडली, अकरावा नियम मनातल्या मनात वाचला, मागचं पान बघितलं. वेळेची मर्यादा सरावाच्या फेरीला लिहिलेली नव्हती. ती बाब त्यांना स्वतःलाच खटकलेली दिसली. त्यांनी माइक खाली ठेवला आणि समासात पेन्सिलीनं बारीक खूण केली.

"तर मग आमच्या पोरीची एक फेरी," रायगोंडा खुर्ची पुढं ओढत म्हणाला, "सकाळी आठला सुरू झाली ती दुपारी तीनला संपली."

गेल्या हंगामातली गोष्ट. भाग्यश्री पेवात उतरली आणि त्या दिवशी तिला अशी काही गती सापडली, की भिंत मिटत आली तरी ती थांबेना. वाकलेल्या भिंतीवरून पालथी होऊन ती सरळ तोंडातनं बाहेर निघाली, बाटलीचं बूच उडावं तशी. मळ्याच्या बाजूनं रस्ता जातो. रस्त्यावरून इस्लामपूरकडच्या कारखान्याला उसाच्या ट्रॉल्या चाललेल्या. पोर वरनं आली ती पाटासकट मागच्या ट्रॉलीच्या उसावर. खाली उतरली तर पाय जमिनीला लागणार, फेरी संपणार. नियमाची पक्की पोर. तिनं पाय पाटावरच ठेवले आणि तशीच निघाली.

"एक मिनिट," राजेश्वरी मॅडम म्हणाल्या. "ट्रॉली म्हणजे जमीनच धरावी लागेल."

"पाय पाटावर हाय, मॅडम."

"पाय नाही, पाट म्हणतेय मी. हौदाच्या बाहेर पाट टेकला म्हणजे फेरी संपली."

"असं कुठं लिहिलंय?" उदयसिंह मध्येच म्हणाले. आणि मग स्वतःच चपापले. पण शब्द बाहेर पडला होता. नियमाचा अर्थ कुणी मनानं लावलेला त्यांना खपत नसे, मग तो उसाच्या ट्रॉलीच्या बाबतीत का असेना. "अकराव्या नियमात 'जमीन' असा शब्द आहे. जमीन म्हणजे जमीन. जिचा सातबारा निघतो ती."

"मग आपल्या हौदाचा कुठं वेगळा सातबारा निघतो? त्यात पाय टेकला तर चालेल?"

"हौद जमिनीत आहे."

"आणि ट्रॉली जमिनीवर आहे."

"ट्रॉली चालती आहे, मॅडम. चालत्या वस्तूला जमीन म्हटलं, तर उद्या कुणी बैलाला जमीन म्हणेल."

रायगोंडा मागं रेलून बसला. जन्मात पहिल्यांदा त्याची थाप दुसरी माणसं ओढत होती, आणि तीही सरकारी पुस्तिका हातात घेऊन. पंधरा नंबरची मुलगी टेबलाजवळ येऊन विचारून गेली, की माझं कधी. तिला दोघांनीही थांब म्हणून सांगितलं. उदयसिंहांनी पुस्तिकेच्या शेवटी व्याख्या शोधल्या. व्याख्यांत 'काठ' होता, 'उतार' होता, 'सायकल' होती, 'जमीन' नव्हती. ते पुन्हा पहिल्या पानावर गेले.

घड्याळाचा मोठा काटा एक घर ओलांडून पुढं गेला. फाटक मोकळंच होतं.

"बरं, पुढं काय झालं?" मॅडमनी विचारलं. "निकाल नंतर लावू."

पुढं कारखाना. ट्रॉली काट्यावर चढली, वजन झालं, आणि काट्यावरचा माणूस ड्रायव्हरला म्हणाला, आज ऊस जरा उभा राहून आलाय. मग ट्रॉली गव्हाणीपाशी गेली. गव्हाण म्हणजे ऊस वर चढवून यंत्रात नेणारा सरकता पट्टा. क्रेननं उसाची मोळी उचलली, मोळीबरोबर पोर उचलली आणि दोन्ही गव्हाणीत पडली. आता पट्टा वर चाललाय, वर सुऱ्या फिरतायत, पाय खाली ठेवायचा नाही. पोरीनं काय केलं? पाट उलटा फिरवला आणि पट्ट्यावरून खाली सुटली. पट्टा जेवढ्या वेगानं वर, तेवढ्याच वेगानं ती खाली. म्हणजे ती जागच्या जागी. अशी चाळीस मिनिटं. तेवढ्यात पाळी बदलली. नव्या पाळीचा माणूस आला, त्याला वाटलं हा यंत्राचाच नवा भाग बसवलाय. त्यानं तेलाची बुधली काढली आणि तिच्या चाकांना...

इथं रायगोंडाची जीभ अडखळली. तेल, चाक, बोटाचा वास घेणारी नात, सगळं एकदम डोळ्यांपुढं आलं. गोष्ट सांगताना तो असा कधी थांबला नव्हता.

"तेल घातलं?" उदयसिंहांनी विचारलं. माइक त्यांच्या ध्यानातून गेला होता, ते दोन्ही हातांवर हनुवटी टेकून बसले होते.

"घालनार हुता," रायगोंडा म्हणाला. "पोरीनं हात जोडले. म्हनली, काका, पाया पडते, चाकाला कुनी हात लावू नका."

आणि त्याच वेळी फाटकातून पिकअप आली.

अमृतचे वडील एके काळी जतकडनं मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला उतरायचे. अमृत पिकअप घेऊन आला आणि शेजारच्या गावात गॅरेज टाकून राहिला. मेंढरांतनं वाट काढायची सवय मात्र रक्तात होती. टँकरच्या बाजूनं, बांबूच्या कुंपणाजवळून, पंधरा-सोळा-सतरा नंबरांच्या मधून त्यानं गाडी अशी काढली, की एक पोरगं हललं नाही. गाडी थांबायच्या आत भाग्यश्री उतरली होती. कोपरापर्यंत काळी, पेट्रोलचा वास, काखेत पाट.

ती बरोबर रायगोंडाच्या पाठीमागं येऊन उभी राहिली. त्यानं मान वळवली नाही. पेट्रोलचा वास आला, तेवढं त्याला पुरलं.

उदयसिंह भानावर आले. त्यांनी घड्याळ बघितलं, दचकले, माइक उचलला आणि झालेल्या उशिराची भरपाई आवाजानं करत पुकारले, "क्रमांक चौदा, भाग्यश्री अरिहंत पाटील, पुकार तिसरा आणि शेवटचा."

"हजर," भाग्यश्री म्हणाली.

लाल पेन मिटलं. निळं उघडलं. चौदाव्या नावापुढं बरोबरची खूण झाली, आणि उदयसिंहांनी तिच्याकडं, मग पाटाकडं, मग पुन्हा तिच्याकडं असं बघितलं, जसं माणूस देवळात मूर्तीकडं आणि मग पायऱ्यांवरच्या फोटोकडं बघतो.

आता थांबायला हरकत नव्हती. काम झालं होतं. नाव वाचलं होतं, चाकं धुतली गेली होती. शहाण्या माणसानं इथं पाणी पिऊन रजा घेतली असती. पण पोर अजून गव्हाणीत होती. तिला तशीच सोडून जाणं रायगोंडाच्या जिवाला पटेना. आणि दुसरं असं, की दोन सरकारी माणसं ऐकायला बसलेली पुन्हा कधी मिळणार?

"मग परत कशी आली?" मॅडमनी विचारलंच.

"सांगतो की," रायगोंडा म्हणाला, आणि त्याचा आवाज मोकळा झाला.

क्रेनवाल्यानं तिला पाटासकट उचलून मोकळ्या ट्रॉलीत ठेवलं, त्यातनं ती परत आली. आता प्रश्न असा, की पेवात परत जायचं कसं? फेरी पेवात सुरू झाली, तर पेवातच संपायला पाहिजे. तर आमच्या गावात मळ्याच्या जरा अलीकडं गतिरोधक हाय. तो पंचायतीनं केला तेव्हा इंजिनिअर आला नव्हता, त्यामुळं तो गावाच्या अंदाजानं झाला, म्हणजे साधारण उभ्या वासराएवढा. त्याच्यावरनं नवी नवरी गेली तर माहेरची आठवण काढते. ड्रायव्हर नवखा होता. त्यानं ट्रॉली त्या गतिरोधकावर भरधाव घातली. पुढचं चाक वर गेलं, मागचं चाक वर गेलं, आणि पोर पाटासकट उडाली. कडुनिंबापेक्षा वर. तिथनं तिला कृष्णेचं पाणी दिसलं, पलीकडचा काठ दिसला, आणि खाली खाटेएवढं पेवाचं तोंड दिसलं. तिनं अंग चोरलं. सरळ खाली आली, तोंडातनं आत, वाकलेल्या भिंतीला चाकं लागली, तिथनं पोटावर, पोटावरनं तळाला, एक वेढा, दोन वेढे, आणि पाट थांबला. मग तिनं पाय खाली ठेवला. तीन वाजले होते. राजमती वरनं ओरडत होती, जेवायला यायचं न्हाई का.

रायगोंडानं दोन्ही हात टेबलावर उपडे ठेवले. गोष्ट संपली, की तो नेहमी असेच ठेवायचा.

पंधरा नंबरची मुलगी तोंड उघडं टाकून उभी होती. उदयसिंह पेन्सिलीनं समासात काहीतरी लिहीत होते आणि लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, की उडी ट्रॉलीतून घेतली म्हणजे शेवटचा आधार ट्रॉली, बरोबर? रायगोंडा अगदी गंभीरपणे हो म्हणाला.

तेव्हा पाठीमागनं आवाज आला. सकाळपासून ती त्याच्याशी अवाक्षर बोलली नव्हती.

"आज्जा," भाग्यश्री म्हणाली, हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली अडकवत, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "पेवावर पत्र्याची शेड हाय आपली. मी बाहेर गेले त्याचं एक आनि वरनं आत आले त्याचं एक, अशी दोन भोकं पायजेत पत्र्याला. कुठं हायत, दाखवा."